डिक्कीतलं आणि दाराचं प्लास्टिक ओरबाडलंय, नक्की काय काय निघतं?

दापोली_ते_पुणे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून. गाडी बाबांची आहे, चार वर्षांची हॅचबॅक, आतलं प्लास्टिक वर काळं आणि खाली बेज. बाबांनी ती फार जपलीये, शोरूममधून आलेली सीटवरची प्लास्टिकची कव्हरं सुद्धा वर्षभर काढू दिली नव्हती. मे महिन्यात मी ती घेऊन दापोलीला गेलो आणि येताना मागची सीट पाडून हापूसच्या आठ पेट्या भरल्या. लाकडी पेट्या, वर पट्ट्या ठोकलेल्या. ताम्हिणी चढताना प्रत्येक वळणाला पेट्या इकडून तिकडे सरकत होत्या, आवाज येत होता पण अंधार पडायच्या आत घाट पार करायचा म्हणून थांबलो नाही. थांबायला हवं होतं.

घरी येऊन पेट्या उतरवल्या तर डिक्कीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या रेघाच रेघा, आणि डावीकडे दोन ठिकाणी खिळ्याने चांगलंच खरवडलंय. डिक्कीच्या तोंडाशी जी आडवी पट्टी असते, सामान जिच्यावरून आत ढकलतो, ती तर पार पांढरी झालीये. त्यात भर म्हणजे सगळ्या खडबडीत प्लास्टिकमधे लाल माती बसलीये. आणि दुसरा विषय जुनाच आहे, बाबा पुढे डावीकडे बसतात आणि काठी दाराला टेकवून ठेवतात, तिच्या रबरी बुचाचे काळे डाग बेज दारावर खाली झालेत, ते मला आत्ता एकदमच जाणवले.

आत्तापर्यंत ओल्या फडक्याने पुसलं आणि घरात होतं ते चकचकीत डॅशबोर्ड पॉलिश मारलं. दोन दिवस रेघा गायब झाल्यासारख्या वाटल्या, मग परत दिसायला लागल्या आणि आता त्यावर धूळ पण चिकटतीये. बाबा काही बोलले नाहीत, पण रविवारी डिक्की उघडून बराच वेळ बघत उभे होते. त्यांना गाडी पहिल्यासारखी करून द्यायची आहे. काय काय निघेल?

नाशिकची_ताई

पॉलिश अजिबात परत मारू नका दादा. आमच्या गाडीला एका वॉशिंग सेंटरवाल्याने न विचारता पूर्ण डॅशबोर्डला तसलं चकचकीत काहीतरी मारून दिलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून नाशिकला येताना समोरून ऊन आणि काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब, कसारा घाटाच्या आधी मला गाडी बाजूला घ्यावी लागली इतकं दिसत नव्हतं. घरी येऊन साबणाच्या पाण्याने तीनदा पुसलं तेव्हा गेलं. डिक्कीत चालेल एकवेळ पण पुढे नको.

रानवाटा

आमच्याकडे खोबरेल तेलाचा हात फिरवतात, रेघा दिसेनाशा होतात. स्वस्त आणि मस्त.

ट्रिमवाला_कोल्हापूर

मी गेली नऊ वर्षं डिटेलिंगचं, म्हणजे गाड्यांच्या आतबाहेरच्या बारीक सफाईचं, काम करतोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. रानवाटा, तेलाने रेघ जात नाही हो, रेघेच्या खडबडीत कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते आणि तेल त्या खाचेत भरलं की विखुरणं थांबतं, एवढंच. पॉलिशमधलं सिलिकॉन पण तेच करतं. ते उडालं, पुसलं गेलं की रेघ जागेवरच असते, आणि तोवर तेलाने धूळ धरून ठेवलेली असते. उन्हात उभ्या गाडीत तेल खवट होऊन वास पण येतो.

आता मूळ प्रश्न. सगळ्यात आधी प्रत्येक डागापाशी बसून एकच गोष्ट बघायची, की प्लास्टिकवर दुसऱ्या कशाचं काही येऊन बसलंय, की प्लास्टिकच गेलंय. बोटाचं नख हळू आडवं फिरवा. नख सरळ गेलं, किंवा किंचित वर चढल्यासारखं वाटलं, तर डाग वरचा आहे आणि तो स्वच्छ करून निघणार. बुटाचे डाग, काठीच्या बुचाचे, पेटीच्या लाकडाचा रंग, हे सगळं त्यात येतं. नख न अडकता नुसती पांढरी रेघ दिसते तिथे प्लास्टिक दाबलं, ताणलं गेलंय, ते बरंच सुधारता येतं. नख अडकलं तर मटेरियल गेलेलं आहे, कुठल्याही बाटलीने ते परत येणार नाही. दुकानदार काहीही सांगो. लोक हे न बघता सगळ्यावर एकच औषध घासत सुटतात आणि जे निघणारं होतं त्याच्या जागी कायमचा चकाकता चट्टा करून ठेवतात.

डिक्कीचं, दाराच्या खालचं, सीटच्या पाठीचं प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलीप्रॉपिलीन असतं, पॅनल काढलं तर मागच्या बाजूला दोन बाणांच्या मधे पीपी असं छापलेलं दिसेल, पुढे टीडी२० असेल तर त्यात २० टक्के शंखजिऱ्याची पूड आहे, तीच टाल्कम पावडरीत असते ती. कडकपणा यावा म्हणून घालतात. काळ्या प्लास्टिकवर रेघ लगेच पांढरी उठते त्यात या पुडीचा पण हात असतो.

आणि हा जो खडबडीतपणा असतो, ज्याला आम्ही ग्रेन म्हणतो, तो साच्यातूनच आलेला असतो, वरून लावलेला नसतो. तो एकदा घासून सपाट झाला की तिथे कायम चकाकणार. म्हणून मॅट प्लास्टिकवर पॉलिश पेपर, भांड्याची घासणी, टूथपेस्ट, खायचा सोडा यातलं काहीही नको.

ट्रिमवाला_कोल्हापूर

(पुढचं, मघाशी गिऱ्हाईक आलं होतं)

तुमच्या गाडीचं काम या क्रमाने करा. लाल माती आधी, आणि कोरडीच. मऊ ब्रश, रंगाचा जुना दोन इंची ब्रश धुवून घेतला तरी चालतो, एका हाताने ब्रश फिरवायचा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचं तोंड लगेच मागोमाग. कोकणातली जांभ्याची माती म्हणजे बारीक लोहयुक्त पूड, तिला आधी पाणी लावलं की तिचं लेपण होतं, ते ग्रेनच्या तळाशी जाऊन बसतं आणि वर फडकं घासलं की तेच पॉलिश पेपरचं काम करतं. तुम्ही ओल्या फडक्याने पुसलंय म्हणजे थोडी आत गेली असणार, पण निघेल.

मग अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चारपाच थेंब, किंवा ऑल पर्पज क्लीनर असेल तर एकास दहा पाणी. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे, गरम प्लास्टिकवर क्लीनर वाळून डाग पडतात. स्प्रे प्लास्टिकवर नाही, फडक्यावर किंवा ब्रशवर मारायचा, खास करून दारात जिथे काचेची बटणं आहेत. मऊ ब्रशने गोल गोल, दाब न देता, मग मायक्रोफायबरने पुसायचं, फडकं सारखं पलटायचं, आणि शेवटी साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने साबण काढायचा. तुम्ही मारलेलं पॉलिश निघायला दोनतीन फेऱ्या लागतील. तोवर पुढचं काही करू नका, सिलिकॉनच्या थराखाली खरी रेघ किती आहे तेच कळत नाही.

काठीच्या डागांवर आधी शाळेतलं पांढरं मऊ खोडरबर. हसू नका, बुटाच्या रबराचे डाग त्याने सुंदर निघतात. त्याने नाही गेलं तर मेलामाइन स्पंज, तो पांढरा, पाण्यात बुडवून वापरायचा. हा स्पंज म्हणजे साबण नाही, अतिशय बारीक घासणारा कडक फोम आहे, म्हणून नुसत्या डागावर, बोटाच्या टोकाने, दोनचार हात, आणि थांबून बघायचं. सुकल्यावर बघायचं, ओलं असताना सगळंच छान दिसतं.

वसई_रोड

माझा वेगळा प्रॉब्लेम पण जवळचाच आहे म्हणून इथेच विचारतो. माझी गाडी बारा वर्षांची, दाराच्या आतल्या हॅंडलवर आणि मधल्या कन्सोलवर जे मखमली हाताला लागणारं प्लास्टिक असतं ते चिकट झालंय, नख लागलं तरी काळं निघतं. साबणाने पुसलं की फडक्याचे धागे चिकटतात. हे पण स्वच्छ करून जाईल का?

ट्रिमवाला_कोल्हापूर

वसई_रोड, ते प्लास्टिक नाही, प्लास्टिकवरचा पॉलीयुरेथेनचा मऊ रंग आहे. दमट हवेत त्याची साखळी तुटत जाते आणि तो चिकट होतो, समुद्राजवळच्या गाड्या अशा जास्त येतात माझ्याकडे. तो स्वच्छ होत नाही, तो काढावाच लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, फडक्याला लावून तो भाग दोन मिनिटं ओला ठेवा, मग आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडा. खाली साधं कडक प्लास्टिक निघेल, बहुतेक काळं, दिसायला अगदी व्यवस्थित. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ काही पेटतं नको. बटणांवरची चिन्हं त्या रंगातच कोरलेली असतात, ती पुसली जातील, तेवढी बटणं सोडून द्या. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल चुकूनही नको, एबीएस प्लास्टिक असेल तर ते विरघळतं.

वसई_रोड

धन्यवाद दादा. तीन वर्षं मी ते पुसत होतो. आता कळलं का जात नव्हतं.

अक्षरशः_चालक

मिटरच्या पारदर्शक काचेबद्दल पण कोणीतरी सांगा, तिथेच लोक सगळ्यात जास्त वाट लावतात. मी २०२० मधे लॉकडाऊन नंतर ऑफिसला जायला लागलो तेव्हा रोज सॅनिटायझर स्टिअरिंगवर, गिअरवर आणि मिटरवर पण मारायचो, सहा महिन्यात मिटरच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आल्या आणि स्टिअरिंगचं लेदर पांढरट पडलं.

ट्रिमवाला_कोल्हापूर

बरोबर. ती काच नसते, ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेट असतं. अल्कोहोल आणि अमोनियावाला ग्लास क्लीनर, दोन्हीने आतून चिरा जातात. तिथे नुसतं पाणी आणि स्वच्छ मायक्रोफायबर. आणि धूळ आधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने उडवायची, कोरड्या फडक्याने पुसली की त्याच धुळीचे चरे पडणार.

सुगरण_आणि_स्टिअरिंग

पियानो ब्लॅकचं काय? आमच्या नव्या गाडीत गिअरच्या भोवती ते आरशासारखं काळं आहे. तीन महिन्यात नुसते कोळिष्टकासारखे चरे. कॉलनीतल्या एकांनी टूथपेस्ट सांगितली आहे.

ट्रिमवाला_कोल्हापूर

टूथपेस्ट नको ताई, तिचे कण एकसारखे नसतात, चरे कमी व्हायच्या ऐवजी पृष्ठभाग धुरकट होतो. चकचकीत प्लास्टिकला मात्र पॉलिश करता येतं, मॅटला जे चालत नाही ते इथे चालतं कारण इथे ग्रेनच नाही. प्लास्टिक पॉलिश किंवा अगदी बारीक फिनिशिंग कंपाऊंड मऊ फोमच्या तुकड्यावर मटारच्या दाण्याएवढं घ्यायचं, हातानेच, हलका दाब. बारीक चरे जातील, खोल राहतील, त्यांच्या मागे लागू नका. मेलामाइन स्पंज इथे एकदाही नाही. आणि झाल्यावर लगेच त्या आकाराची पारदर्शक प्रोटेक्शन फिल्म लावून घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी परत तेच.

मिशिगनकर

इकडून एक छोटी भर. पॅनल काढायचं झालं तर उन्हात तासभर गाडी ठेवून मग काढा. गार प्लास्टिकच्या क्लिपा काडीसारख्या तुटतात, मी जानेवारीत डिक्कीचं ट्रिम काढायला गेलो आणि सहा पैकी चार क्लिपा गेल्या. पुण्यात एवढी थंडी नसते, पण डिसेंबरच्या पहाटे नकोच. स्क्रू ड्रायव्हर पण नको, प्लास्टिकची चपटी पट्टी मिळते ती वापरा, नाहीतर काढतानाच नवा ओरखडा पडतो.

दापोली_ते_पुणे

ट्रिमवाला दादा, काय आभार मानू. शनिवार रविवार दोन्ही दिवस यातच घालवले. कोरडा ब्रश आणि व्हॅक्यूमने लाल माती इतकी निघाली की आईने खाली टाकलेला पेपर लाल झाला. साबणाच्या पाण्याच्या तीन फेऱ्या केल्या, पहिल्या दोन वेळा फडकं बुळबुळीत लागत होतं, तिसऱ्या वेळी नाही. आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं, पॉलिश गेल्यावर कळलं की अर्ध्याहून जास्त पांढऱ्या रेघा म्हणजे पेटीच्या लाकडाचा आणि पेंढ्याचा माल होता, त्या नुसत्या ब्रशने गेल्या. मी उगाच दोन आठवडे झोप घालवली.

दारावरचे काठीचे डाग खोडरबरने जवळजवळ सगळे निघाले, अक्षरशः मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर. पण एका जागी, जिथे बूच रोज टेकतं, तिथे काळं गेलं तरी पिवळट तपकिरी सावली राहिलीये. स्पंजने चार हात मारून थांबलो, काहीच फरक नाही. आणि डिक्कीत नख न अडकणाऱ्या दहाबारा रेघा अजून आहेत, आणि खिळ्याचे दोन.

ट्रिमवाला_कोल्हापूर

थांबलात ते फार चांगलं केलंत. ती पिवळट सावली घासून जाणार नाही. काळ्या रबरात ते तडकू नये म्हणून काही रसायनं घातलेली असतात, ती फिकट प्लास्टिकमधे झिरपतात आणि तिथे रंग बदलतो. तो डाग आता आतला आहे. काठीला राखाडी किंवा पांढरं बूच लावा, रंगीत रबराला न डागाळणारी रसायनं वापरतात, आणि दाराच्या त्या जागेवर कापडाचा किंवा फिल्मचा छोटा तुकडा.

डिक्कीतल्या रेघांना केस वाळवायचा ड्रायर. हीट गन नको, तिची हवा ५०० अंशाच्या पुढे जाऊ शकते आणि पॉलीप्रॉपिलीन १६० च्या आसपास वितळतं, सवय नसली तर ग्रेन क्षणात बसतो. ड्रायर वितभर लांब धरून सारखा हलवत ठेवायचा, दोनतीन मिनिटं, मग गार होऊ द्यायचं आणि बघायचं. ताणलेलं प्लास्टिक थोडं सैल होतं आणि पांढरेपणा कमी होतो. सगळी रेघ जाईलच असं नाही, फिकी नक्की पडते. एक कळकळीची सूचना, एअरबॅग असं जिथे जिथे लिहिलंय तिथे उष्णता अजिबात नाही, डॅशबोर्डची डावी बाजू, पुढच्या काचेच्या बाजूचे खांब, सीटची कड, छताच्या कडा. तुमचं काम डिक्कीत खालच्या भागात आहे तिथे हरकत नाही.

खिळ्याच्या खाचांना ड्रायर काही करणार नाही. रंग लावायचा विचार करत असाल तर पीपीवर साधा रंग धरत नाही, त्याला आधी वेगळा प्रायमर लागतो, आणि एवढ्याशा खाचेला तो चट्ट्यासारखा दिसतो. माझ्या गाडीला असतं तर मी खाचेच्या वर आलेले उभे कंगोरे तेवढे धारदार ब्लेडने आडवं धरून काढले असते, आजूबाजूला हात न लावता, आणि बाकी सोडून दिलं असतं. तोंडाशी असलेली आडवी पट्टी मात्र नवी घ्या, ती वेगळी मिळते, क्लिपांवर बसते. अख्ख्या साइड पॅनलच्या मानाने खूपच स्वस्त पडते.

रानवाटा

माझ्या खोबरेल तेलाबद्दल सांगितलंत ते पटलं. काल आमच्या गाडीचं साबणाने पुसून काढलं, फडकं काळं झालं. मग सगळं झाल्यावर वर काहीच लावायचं नाही का?

ट्रिमवाला_कोल्हापूर

लावायचं असेल तर मॅट फिनिश राहणारं, पाण्यावर आधारित, यूव्हीपासून वाचवणारं. ३०३ नावाच्या ब्रँडचं मिळतं तसलं काही. फडक्यावर थोडंसं, सगळीकडे पसरवून पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, हाताला ओलसर लागता कामा नये. स्टिअरिंग आणि पेडल सोडून, तिथे काहीही निसरडं नको. डिक्कीत नाही लावलं तरी काही बिघडत नाही.

दापोली_ते_पुणे

शेवटचा अपडेट. ड्रायर बायकोचा, परवानगी घेऊन. दहाबारातल्या सात रेघा आता शोधाव्या लागतात, बाकीच्या आहेत पण पांढऱ्या नाहीत, राखाडी आहेत. एका जागी मी ड्रायर जरा जवळ धरला तिथे किंचित चकाकतंय, लगेच थांबलो. आडवी पट्टी स्पेअर पार्टच्या दुकानात ऑर्डर केली, गाडीचा चेसिस नंबर दिला की त्यांनी बरोबर पार्ट काढला, चार दिवसात आली, क्लिपा सोबत घ्यायला विसरू नका, त्या वेगळ्या असतात. बाबांच्या काठीला पांढरं बूच बसवलं. खिळ्याच्या खाचा आहेत तशा आहेत, कंगोरे काढले.

बाबांना काल डिक्की उघडून दाखवली. त्यांनी आधी नव्या पट्टीवरून हात फिरवला, मग खाचांवरून, आणि विचारलं, पुढच्या वर्षी पेट्या आणायच्यात ना. तर आता प्रश्न असा की पेट्यांच्या खाली आणि बाजूला काय घालू? प्लायवूड लावावं असं डोक्यात आहे.

नाशिकची_ताई

प्लायवूडच्या कडा स्वतःच ओरबाडतात दादा. जुनी सतरंजी दुहेरी करून बाजूंनी वरपर्यंत, ती झटकून घ्या म्हणजे खडा राहणार नाही. आणि पेट्या एकमेकांना दोरीने बांधून घ्या, मधली फट उशीने किंवा गोणपाटाने भरा. आम्ही द्राक्षांच्या वेळी असंच करतो, घाटात काही हलत नाही.